निम्मी क्षमता स्वच्छ झाली, तरी कोळसा का वाढतोय?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जून 2025 अखेर देशाच्या एकूण वीजक्षमतेत कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं, ही बातमी तुम्ही वाचली. त्याआधी काहीच महिने, मार्च 2025 मध्ये, देशाच्या कोळसा उत्पादनाने एका आर्थिक वर्षात पहिल्यांदाच 100 कोटी टनांचा आकडा ओलांडला, हेही वाचलं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, कार्बन वाढतोय की घटतोय, आणि घरावर तीन किलोवॅटचं सोलर बसवून यात काही फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. घोळ होतो तो क्षमता, निर्मिती आणि उत्सर्जन हे तीन वेगवेगळे आकडे एकाच दमात वाचल्यामुळे. त्यात आपण सगळेच वीज म्हणजे ऊर्जा असं धरून चालतो, तो चौथा घोळ. माझी नोकरी आधी कोळशावरच्या वीज केंद्रात, ऑपरेशनला, आणि नंतर भार प्रेषणात गेली. म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या संचाने किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या टेबलावर. त्यामुळे माझं उत्तर त्या टेबलावरून दिसतं तसं असेल.

आधी क्षमता. जूनअखेर देशाची स्थापित क्षमता होती सुमारे 485 गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). त्यातली सुमारे 243 गिगावॅट बिगर-जीवाश्म. यात सौर साधारण 117, पवन 52 च्या आसपास, मोठी जलविद्युत 49, अणुऊर्जा पावणेनऊ, आणि उरलेलं छोटे जलप्रकल्प, बायोमास, साखर कारखान्यांची सहवीज वगैरे. आता साखर कारखान्याचाच विषय निघालाय तर, रोजची गाळपक्षमता पाच हजार टन आहे म्हणून कोणी तिला 365 ने गुणून वर्षाचं गाळप सांगत नाही. हंगाम किती दिवस चालला ते आधी विचारतात. सौर पॅनेलचा हंगाम रोज सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी संपतो. पावसाळ्यात त्यातही खाडे.

म्हणून एक मेगावॅट सौर वर्षाला ढोबळमानाने 17 ते 18 लाख युनिट देतं. एक मेगावॅट कोळसा, 2024-25 मध्ये देशात सरासरी क्षमतेच्या 69 टक्क्यांच्या आसपास चालला त्या हिशोबाने, 60 लाख युनिट. अणुऊर्जेचं मेगावॅट त्याहूनही जास्त, कारण तारापूरसारख्या केंद्रात एकदा अणुभट्टी चालू झाली की ती पूर्ण भारावर चालवण्यातच शहाणपण असतं. आता हे प्रमाण त्या 485 गिगावॅटला लावून बघा. 2024-25 मध्ये देशात सुमारे 1,830 अब्ज युनिट वीज तयार झाली आणि त्यातली चारातली जवळजवळ तीन युनिटं कोळशाची होती. क्षमतेत कोळसा निम्म्याहून कमी आणि युनिटांत पाऊण हिस्सा, असा हा प्रकार आहे. गिगावॅटचे आकडे व्यासपीठावरून सांगायला सोयीचे असतात. काम करणाऱ्या माणसाने युनिटं मोजावीत.

पण युनिटांचा वार्षिक हिशोबही पुरा पडत नाही, कारण वीज त्या त्या क्षणी लागते. खरी मेख इथे आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

मे महिन्यातली दुपार घ्या. साडेबारा वाजलेत, सौर भरात आहे. भार प्रेषण केंद्रातून कोळशाच्या संचांना बॅकडाऊनचे निरोप जातात : उतरा खाली. 500 मेगावॅटचा संच 55 टक्क्यांवर, म्हणजे 275 मेगावॅटवर येऊन थांबतो. आणखी खाली का नाही? भट्टीत कोळशाची भुकटी कमी झाली की ज्योत डळमळायला लागते, मग ती टिकवायला तेल फवारावं लागतं, त्याला आम्ही ऑइल सपोर्ट म्हणतो. ते महाग पडतं. 2023 च्या नियमांनी 55 टक्के ही पातळी सक्तीची केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरायचं ठरवलं. जुन्या संचांना ते जड जाईल. आपला कोळसाच मुळात राखेने भरलेला, तिसरा हिस्सा राख, कधी त्याहून जास्त.

मग दुपारी संच सरळ बंद करून संध्याकाळी चालू का करत नाही, असं लोक विचारतात. थंड पडलेला बॉयलर पुन्हा पेटवून, वाफेचं तापमान आणि दाब चढवून, टर्बाइनच्या धातूला धक्का न बसता ते गरम करून ग्रिडला जोडेपर्यंत कित्येक तास जातात. रोज असं केलं तर बॉयलरच्या ट्यूब फुटायला वेळ लागत नाही. म्हणून संध्याकाळी सात वाजता जो संच हवा असतो, तो दुपारी एक वाजताही अर्ध्या भारावर जळत ठेवावा लागतो. बाहेरच्या माणसाला हे पटवणं अवघड जातं. दुपारी इतकं ऊन असताना कोळसा कशाला, तर रात्रीसाठी.

साडेपाचनंतर चित्र पालटतं. सूर्य कलतो तसं सौर दर मिनिटाला खाली येतं. मागणी मात्र तेवढी उतरत नाही, घराघरांतले दिवे, पंखे, एसी सुरू होतात. दोन-अडीच तासांत देशभरातली कितीतरी गिगावॅट सौर वीज ग्रिडवरून नाहीशी होते आणि तेवढी दुसरीकडून उभी करायची असते. तेही फ्रिक्वेन्सी, म्हणजे मागणी-पुरवठ्याचा तोल दाखवणारा आकडा, 49.90 ते 50.05 हर्ट्झच्या पट्ट्यात राखून. कोळशाचा संच मिनिटाला साधारण एक टक्का भार चढवतो. कोळसा दळणारी एकेक मिल चालू करत, भट्टी सांभाळत तो वर येतो.

या वेळी सगळ्यांना कोयना आठवते. आठवायलाच हवी, 1,956 मेगावॅटचा प्रकल्प आहे आणि त्याची यंत्रं काही मिनिटांत भार घेतात. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसीपुरतं बांधून दिलंय आणि ते वर्ष 1 जूनला सुरू होतं. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा सगळ्यात जास्त गरज, तेव्हा कोट्यातलं उरलेलं पाणी मोजून मोजून वापरायचं. वायूवरची केंद्रंही झटपट चढतात. देशात अशी सुमारे 20 गिगावॅट क्षमता आहे, आपल्याकडे दाभोळही आहे. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू अपेक्षेइतका आला नाही आणि आयात वायूची वीज परवडत नाही, त्यामुळे ती बरीचशी नुसती उभी असतात. उरतो कोण? कोळसा.

30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॅटवर गेली, विक्रम होता. ती वेळ दुपारची होती, सौर हाताशी होतं, ग्रिडने ती पेलली. आमच्या लोकांना धास्ती असते ती अंधार पडल्यानंतरच्या पीकची, म्हणजे सर्वोच्च मागणीची. उकाड्याच्या रात्री अकरा वाजता शहरातले एसी एकदम चालतात तेव्हा सौर शून्य असतं.

हे सगळं जमिनीवर कसं दिसतं तेही सांगतो. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर तासाला सव्वातीनशे-साडेतीनशे टन देशी कोळसा खातो. 58 वाघिणींची एक रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, साधारण चार हजार टन आणते. म्हणजे एका संचाला अर्धा दिवस पुरली तर पुरली. चंद्रपूरला असे पाच संच आहेत, शिवाय 210 चे दोन. पावसाळ्यात ओला कोळसा वाघिणीला चिकटतो, वाघीण उलटवणाऱ्या टिपलर यंत्रावर उलटी केली तरी सुटत नाही, खाली माणसं पहारी घेऊन उभी असतात. 100 कोटी टनांच्या मागे अशा रेका आहेत.

आता मुख्य हिशोब, म्हणजे कोळसा कधी थांबणार. यासाठी एकच तुलना पुरते : वर्षाला मागणी किती युनिटांनी वाढली आणि नव्या स्वच्छ क्षमतेने किती नवी युनिटं दिली. 2022-23 मध्ये निर्मिती होती सुमारे 1,624 अब्ज युनिट, पुढच्या वर्षी 1,739, त्यापुढच्या वर्षी 1,830. म्हणजे एकदा 115 अब्जांची वाढ, एकदा 90 अब्जांची. 2024-25 मध्ये सौर सुमारे 24 गिगावॅट आणि पवन 4 गिगावॅट नव्याने बसलं. हे पूर्ण वर्षभर चाललं तर माझ्या ढोबळ हिशोबाने 50 अब्ज युनिटांच्या आसपास देईल. मागणी 90 ने वाढली आणि नवी स्वच्छ वीज 50 ची. मधली फट काही पाण्याने, काही अणुने आणि उरलेली कोळशाने भरायची. बस, एवढंच आहे. यात कोणाची लबाडी शोधायची गरज नाही.

ही फट कुठल्या वर्षी किती राहील हे मात्र परिस्थितीवर आहे. 2025 च्या पहिल्या सहा महिन्यांत कोळशावरची निर्मिती आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा कमी झाली. कारण? मागणी फारशी वाढलीच नाही. त्या वर्षी मे महिन्यातच पाऊस कोसळला, मान्सून 26 मे रोजी मुंबईत येऊन बसला, एसी बंद, शेतीपंप बंद. धरणं आणि वारा दोन्ही मदतीला. नवं सौर वेगाने येत होतंच. काही जणांनी लगेच कोळशाचा शेवट जाहीर केला. मी म्हणेन एका ओल्या मे महिन्यावर एवढी मोठी पैज लावू नये. पण त्या सहामाहीने एक गोष्ट दाखवून दिली की फट बुजू शकते. वर्षाला 45-50 गिगावॅट सौर-पवन बसत राहिलं आणि मागणी पाच टक्क्यांच्या आसपास वाढली, तर गणित जुळतं आणि वीजक्षेत्रातला कोळसा या दशकाच्या शेवटी सपाट व्हायला हरकत नाही.

यात दोन अडथळे आहेत. एक, तारा. राजस्थानात सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, 765 केव्हीची अतिउच्चदाब वाहिनी त्याहून बराच वेळ खाते, जमिनीचे तंटे आणि परवानग्या धरून. म्हणून भर दुपारी तिथल्या प्रकल्पांना वीज कमी करायला सांगायची वेळ येते. तयार वीज सोडून द्यायची आणि त्याच रात्री कोळसा जाळायचा. दोन, साठवण. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अंदाजाने 2031-32 पर्यंत सुमारे 411 गिगावॅट-तास (एक गिगावॅट-तास म्हणजे दहा लाख युनिट) साठवण लागेल, काही बॅटऱ्यांची, काही घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पांची, जिथे स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं. सह्याद्रीला हा प्रकार फार मानवतो, उंची आणि पाणी दोन्ही जवळजवळ आहे. बॅटऱ्यांचे भाव पडतायत तेही खरं. पण आज संध्याकाळच्या गरजेपुढे हे सगळं अजून थोडं आहे.

सरकार त्याच काळात किमान 80 गिगावॅट नवा कोळसाही आणायचं म्हणतंय. लोकांना हा विरोधाभास वाटतो. माझं मत असं की हे संच बांधले जातील, पण त्यांना चालायला तास कमी मिळतील. तसं झालं तर कार्बन वाचेल, पण स्थिर आकार म्हणून त्यांचे पैसे तुमच्या-माझ्या बिलात येतच राहतील. या मुद्द्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

उत्सर्जनाकडे येतो. इथे मोजायचे तीन वेगळे दांडे आहेत आणि जो तो आपल्या सोयीचा उचलतो. एकूण उत्सर्जन : जीवाश्म इंधनांचा कार्बन डायऑक्साइड 2005 मध्ये सुमारे 1.2 अब्ज टन होता, आता तो 3 अब्जांच्या वर आहे. चीन, अमेरिका, मग आपण, जगाच्या साधारण आठ टक्के. दुसरा दांडा, जीडीपीच्या प्रमाणात उत्सर्जन : 2005 ते 2020 या काळात ते 36 टक्क्यांनी उतरलं, असं आपण संयुक्त राष्ट्रांना अधिकृतपणे कळवलंय. तिसरा, माणशी उत्सर्जन : आपलं सुमारे दोन टन, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त. तिन्ही आकडे बरोबर आहेत. हवेला फक्त पहिला कळतो, न्यायाच्या वाटाघाटीत तिसऱ्याला वजन असतं.

विजेपुरतं बघायचं तर दहा-अकरा वर्षांपूर्वी ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.82 किलो कार्बन डायऑक्साइड धरत. आता तो आकडा 0.7 च्या किंचित वर आहे. म्हणजे प्रत्येक युनिट साधारण आठव्या हिश्श्याने स्वच्छ झालं. पण युनिटंच त्या काळात पावणेदोनपट झाली. एकूण वाढणार नाही तर काय?

आणि हे झालं फक्त विजेचं. देशात शेवटी वापरली जाणारी जी ऊर्जा, तिच्यात वीज जेमतेम पाचवा हिस्सा आहे. बाकी डिझेल-पेट्रोल, भट्ट्यांमधला कोळसा, स्वयंपाकाचा गॅस, चुलीतलं सरपण. कच्च्या तेलाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग आपण आयात करतो. पोलादात आपण जगात दुसरे, सिमेंटमध्येही दुसरे, आणि आपल्याकडे पोलादासाठी लागणारं स्पंज आयर्न बहुतांशी कोळशावर बनतं. त्यामुळे उद्या वीज केंद्रांचा कोळसा सपाट झाला तरी देशाचं एकूण उत्सर्जन आणखी काही वर्षं चढत राहील असं मला वाटतं. घरं, पूल, मेट्रो बांधायची आहेत, त्याला लोखंड-सिमेंट लागतंच. रेल्वेचं विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झालं, ते उत्तम झालं, डिझेल वाचलं. ट्रकचं मात्र अजून काहीच हललेलं नाही. आणि एक सांगून ठेवतो : चुलीवरून गॅसवर आलेल्या घरामुळे जीवाश्म कार्बनचा आकडा किंचित वाढतो. वाढू दे. त्या बाईच्या फुप्फुसांचा हिशोब कुठल्या तक्त्यात नसतो.

महाराष्ट्रापुरतं मला सगळ्यात आशादायक वाटतं ते शेतीपंपांना दिवसा वीज देणं. वर्षानुवर्षं शेतकऱ्याला रात्री वीज मिळायची, कारण रात्री ग्रिडवर वीज मोकळी असायची. माणसं अंधारात बॅटरी घेऊन पाणी धरायला जायची, साप-विंचवाची भीती वेगळीच. सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वाहिन्या, दिवसा चालवतात. त्यामुळे रात्रीचा कोळशाचा भार थेट उन्हात जातो, वीज कुठे न साठवता. उद्योगांच्या वीजदरातही तेच होतंय. पूर्वी सवलत रात्री 10 ते सकाळी 6 असायची, आता ती दिवसाच्या उन्हाच्या तासांकडे सरकलीय. जालन्याच्या पोलाद भट्टीवाल्यांना विचारा, पाळ्यांचं अख्खं वेळापत्रक त्यावर ठरतं. शेतीबाबत एक शंका मात्र आहेच. दिवसा भरपूर आणि फुकटात वीज मिळाली की भूजल किती उपसलं जाईल, याला कोणी मीटर लावलेलं नाही.

इथवरचं दोन ओळींत : निम्मी क्षमता स्वच्छ झाली, पण युनिटं अजून पाऊण हिस्सा कोळशाची आहेत, कारण ऊन संध्याकाळी जातं आणि मागणीची वाढ नव्या स्वच्छ विजेपेक्षा बहुतेक वर्षी जास्त असते. म्हणून प्रति युनिट कार्बन उतरतोय आणि एकूण चढतोय.

आता तुमचं छत. आपल्या भागात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं. तीन किलोवॅटचे वर्षाला झाले चार हजारांहून थोडे जास्त. ग्रिडच्या सरासरीने गुणलं तर सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, म्हणजे एका भारतीय माणसाच्या वर्षभराच्या उत्सर्जनापेक्षा जास्त. हे कमी नाही. पण नेट मीटरिंगच्या, म्हणजे दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणाऱ्या, बिलावर शून्य युनिट दिसलं म्हणून घर कोळशावरून सुटलं असं समजू नका. दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेली युनिटं आणि रात्री एसीला घेतलेली युनिटं कागदावर वजा होतात, भट्टीत होत नाहीत. म्हणून पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, गीझर, इस्त्री, जे दुपारी ढकलता येईल ते ढकला. सोसायटीची पाण्याची मोटर पहाटेऐवजी बारा वाजता लावायला सेक्रेटरीशी एकदा बोलून घ्या, त्याला खर्च शून्य आहे.

तीन किलोवॅटच का, तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्या क्षमतेला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्यापुढे ते वाढत नाही. पण तेवढ्यावरून ठरवू नका. मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरची युनिटं लिहून काढा. महिन्याला साडेतीनशेच्या आत असाल तर तीन पुरे. घरात लवकरच एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर इन्व्हर्टर थोडा मोठा घ्या आणि छताची दक्षिणेकडची, पाण्याच्या टाकीची सावली न पडणारी जागा आत्ताच मोकळी ठेवायला सांगा.